हरणांच्या रक्तात सापडलेली साथ

२०२० साली कोरोनाच्या विषाणूसाठी सगळ्यांचे बोट वटवाघळाकडे होते. त्याच वर्षी अमेरिकेत हा विषाणू उलट्या वाटेने, माणसातून रानात शिरत होता आणि कुणाला त्याचा सुगावा नव्हता. ४१० पृष्ठवंशी प्राण्यांची तुलना करून पांढऱ्या शेपटीच्या हरणाला लागण होऊ शकेल, असे ऑगस्टमध्ये शास्त्रज्ञांनी सांगितले खरे, पण तो कागदावरचा अंदाज. पुढे प्रयोगशाळेत पाडसांना विषाणू दिला. तो शेजारच्या पाडसांनाही लागला. आजारी मात्र ती फारशी दिसेनात. रानात शंका येणार तरी कशी?

उलगडा झाला तो आधीच गोळा केलेल्या नमुन्यांतून. आयोवा राज्यात हरणांच्या एका वेगळ्याच, मेंदू पोखरणाऱ्या रोगावर नजर ठेवायला शिकारीतल्या आणि गाडीखाली आलेल्या हरणांच्या घशामागच्या ग्रंथी जमवल्या जात. एप्रिल २०२० ते जानेवारी २०२१ मधल्या अशा २८३ हरणांची तपासणी झाली, तेव्हा ९४ हरणांत कोरोनाचा विषाणू निघाला. त्यातही नोव्हेंबरअखेर ते १० जानेवारी हा काळ पाहा: ९७ पैकी ८०! म्हणजे आयोवातली माणसे लाटेत होरपळत असताना हरणांतही तीच लाट होती.

२०२१ च्या जुलैत अमेरिकी कृषी खात्याने चार राज्यांतल्या सुमारे ४० टक्के हरणांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे लागण होऊन गेल्याच्या खुणा, सापडल्याचे जाहीर केले. मग ओहायो, न्यूयॉर्क, कॅनडातले ओंटारिओ अशी नावे येतच राहिली. माणसांतून हद्दपार झालेले अल्फा आणि गॅमा हे विषाणूचे उपप्रकार न्यूयॉर्कच्या हरणांत मुक्काम ठोकून होते. जनुकीय मागोवा घेतल्यावर २०२३ मध्ये हिशेब मांडला गेला: माणसाकडून हरणाकडे किमान १०९ वेळा, हरणाकडून माणसाकडे बहुधा ३ वेळा. देणारा कोण, हे आकडेच सांगतात. तरी 'हरणांपासून धोका' असेच मथळे झळकले.

विषाणू रानात नेमका कसा पोचला, हे कोडे सुटलेले नाही. सांडपाणी, टाकलेले खाद्य, पाळीव कळप असे तर्क आहेत. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या रानहरणांत शोधूनही लागण सापडली नाही. डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधल्या हरणांत मात्र प्रतिपिंडे मिळाली. तिथे फिरायला येणारे लोक हरणांना हाताने गाजरे आणि बिस्किटे भरवतात.