घाटावरची सायकल आणि किनाऱ्यावरचा घाम

गेल्या काही वर्षांत आपल्या भागात सायकल पुन्हा रस्त्यावर आली आहे. पूर्वी ती शाळेला, कारखान्यावर कामाला आणि डेअरीला दूध घालायला जाण्यासाठी होती. मधल्या काळात मोटारसायकलने तिला अडगळीत टाकले. आता पंचेचाळीस-पन्नाशीतली मंडळी गिअरची सायकल घेऊन पहाटे बाहेर पडतात. कोणी शिर्डीला जाऊन येतो, कोणी भंडारदऱ्याला मुक्कामी जातो, आणि डिसेंबर-जानेवारीत चार-पाच जणांचा गट कोकणात समुद्राकाठाने सायकल चालवायला निघतो. निघण्याआधी यांतले काही जण माझ्याकडे रक्तदाब तपासून घेतात आणि उठता उठता विचारतात, ‘डॉक्टर, हरकत नाही ना?’

बहुधा हरकत नसते. परंतु या प्रश्नाचे उत्तर जेवढे माणसाच्या तब्येतीवर, तेवढेच तो कोणत्या रस्त्याने जाणार यावर अवलंबून असते. म्हणून आज थोडे रस्त्यांविषयी लिहितो.

आपल्या दारातून निघणारा कोल्हार-घोटी रस्ता पाहा. लोणी, संगमनेर, अकोले, राजूर, बारी असे करत तो घोटीला जातो. राजूरपर्यंत त्याची आणि प्रवरेची सोबत आहे. प्रवरा रतनगडावर उगम पावते आणि आपल्याकडे उतरत येते. म्हणजे आपण सायकल घेऊन निघतो ते नदीच्या उलट, सतत थोडे थोडे चढत. हा चढ डोळ्यांना दिसत नाही, गुडघ्यांना मात्र कळतो. अकोल्याच्या पुढे विठा घाटात तो डोळ्यांनाही दिसू लागतो. भंडारदऱ्याला पोहोचेपर्यंत शंभरएक किलोमीटर होतात. समोर १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, खाली १९२६ साली पुरे झालेले धरण. थकवा विसरावा असे ते ठिकाण आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे तोंडावर येतो, हेही धरून चालावे.

या रस्त्यावर वर्षभर सायकल चालवणाऱ्याला वाटते, आता आपण कोकणही सहज करू. तिथेच गल्लत होते.

सायकल चालवताना स्नायू जी शक्ती खर्च करतात तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत जातो. उरलेल्या तीन हिश्शांची उष्णता होते, आणि ती बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य उपाय म्हणजे घाम. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. यातले ‘वाळला तर’ हे शब्द महत्त्वाचे. नुसता गळून गेलेला घाम शरीराला गार करत नाही, केवळ पाणी आणि मीठ घेऊन जातो.

आपल्याकडे एप्रिलमध्ये माठातले पाणी कसे गारेगार होते ते आठवा. हवा कोरडी, म्हणून माठातून झिरपलेले पाणी झटकन वाळते आणि आतले पाणी थंड राहते. तोच माठ समुद्रकाठच्या गावी नेऊन ठेवला तर तो ओला दिसेल, पण पाणी तितके गार होणार नाही. आपले शरीर म्हणजे असाच एक माठ आहे. कोल्हारला ३६ अंशांत अंग कोरडे राहते आणि सायकलस्वाराला वाटते घाम येतच नाही. खरे तर तो येतो आणि लगेच वाळतो. गुहागरला ३२ अंशांतच सदरा पिळण्याइतका भिजतो आणि तरीही आतली उष्णता साचत राहते. उष्णतेची लाट जाहीर करताना भारतीय हवामान विभागसुद्धा तिन्ही प्रदेशांना एक माप लावत नाही. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश झाल्यावर लाटेचा विचार सुरू होतो. मोबाइलवर केवळ तापमानाचा आकडा पाहून ‘तिकडे आपल्यापेक्षा थंड आहे’ असे ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. हवेतली आर्द्रताही तिथेच दिलेली असते.

दुसरा गैरसमज असा की किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो. नकाशावर तो समुद्राला लागून दिसतो खरा. प्रत्यक्षात दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. दापोलीकडून आलात की दाभोळला थेट पाण्याच्या पातळीवर उतरायचे, फेरीबोटीने धोपावे गाठायचे, पुन्हा चढायचे. गुहागर ओलांडले की तवसाळला तसेच खाली, बोटीने जयगड, आणि परत वर. खाडीतून वर आले की जांभ्या दगडाचा सडा लागतो. तिथे मैलभर झाडाची सावली नाही, आणि तापलेला कातळ खालूनही भाजतो. असा एकेक चढ शे-दीडशे मीटरचा असला तरी दिवसात सहा-सात झाले की एक मोठा घाट चढल्याइतके श्रम होतात. हिशेबच करायचा तर माणूस ७५ किलोचा आणि सामानासह सायकल १५ किलोची धरली, तर १०० मीटर चढायला शरीराच्या शंभरएक किलोकॅलरी खर्ची पडतात, म्हणजे अर्ध्या-पाऊण भाकरीएवढ्या. सपाटीवरचा खर्च वेगळाच.

गेल्या काही वर्षांत पाहिलेल्यांपैकी एक रुग्ण सांगण्यासारखा आहे. वय अठ्ठेचाळीस, किराणा दुकान, निर्व्यसनी. भंडारदरा दोनदा करून आलेले. जानेवारीत मित्रांबरोबर कोकणात गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी पायात गोळे आले, डोके दुखू लागले, दोन उलट्या झाल्या. सोबत्यांना वाटले, पाणी कमी पडले. त्यांनी बाटलीमागून बाटली पाणी पाजले. संध्याकाळी हे गृहस्थ असंबद्ध बोलू लागले, आपल्या मुक्कामाचे गाव सांगता येईना. तिथल्या डॉक्टरांनी प्रसंग ओळखला आणि रक्त तपासले. सोडियम १२२ निघाले. ते १३५ ते १४५ असायला हवे. पाणी कमी नव्हे, मीठ कमी झाले होते, आणि प्रत्येक बाटलीने उरलेले मीठ आणखी पातळ होत होते. भर म्हणजे त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषधही होते. अशा जोडगोळ्या आज सर्रास दिल्या जातात आणि त्या योग्यच असतात; पण आपल्या गोळीत काय काय आहे हे रुग्णाला ठाऊक नसते. तीन दिवसांनी ते बरे होऊन घरी आले. कागदपत्रे घेऊन आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘पाणी पिऊनसुद्धा असे कसे झाले?’

तेव्हा पाणी तहानेप्रमाणे, घोटघोट प्यावे; शर्यत लावल्यासारखे नाही. तासाभरापेक्षा जास्त उन्हात राहायचे असेल तर दोन बाटल्यांपैकी एकीत जलसंजीवनी असावी. हे पाकीट जुलाबाचे औषध म्हणून आपल्याला माहीत आहे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले, तेव्हापासून तिचा दबदबा आहे. घामाने गेलेल्या पाण्या-मिठालाही ती चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा छोटे सपाट चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. लिंबू पिळायला हरकत नाही. गोड पेयांच्या डब्यांवर ‘ओआरएस’ असे छापून विकण्याला २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली, तरी घेताना सूत्र वाचावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदय अशक्त असल्याचा आजार असणाऱ्यांनी मिठाचे पाणी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

नव्या हवेशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. चार दिवसांची रजा घेऊन गेलेल्याला एवढा वेळ कुठून मिळणार? निदान पहिले दोन दिवस नेहमीच्या निम्मे अंतर ठेवावे आणि अकरा ते चार सावलीत काढावेत. फेब्रुवारीअखेर व मार्चमध्ये जमिनीकडून वारे वाहू लागले की कोकणचा पाराही एकाएकी चढतो. त्या दिवसांत न गेलेले बरे.

उष्माघात ही याहून गंभीर गोष्ट. अंग तापलेले, माणूस बरळतो, तोल जातो किंवा शुद्ध हरपते. अंगाला घाम असला तरी उष्माघात असू शकतो. श्रमाने होणाऱ्या प्रकारात बहुधा असतोच. अशा वेळी गाडी शोधत बसू नये. आधी माणूस गार करावा, मग हलवावा. सावलीत आडवे करून, जाड कपडे काढून अंगावर बादल्या ओताव्यात. कोकणात दमट हवेमुळे नुसत्या वाऱ्याने काम होत नाही, पण घरोघरी विहीर आहे. तिचे पाणी डोक्यापासून पायापर्यंत सतत ओतत राहावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये.

आता छातीविषयी. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, तंबाखू खाणाऱ्या किंवा घरात लवकर हृदयविकार झालेल्या माणसाने घाटाच्या सायकलीला लागण्यापूर्वी तपासणी करावी. पडून काढलेला कार्डिओग्राम चांगला आला म्हणजे झाले असे नव्हे. जरूर तर पट्ट्यावर चालवून काढावा लागतो. चढावर छाती भरून येते, जबडा किंवा डावा हात जड होतो आणि थांबले की पाच मिनिटांत बरे वाटते, हा दम नव्हे. ती ‘ॲसिडिटी’ही नव्हे. असे झाल्यास त्या दिवशी पुन्हा पेडल मारू नये. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही, तेव्हा मनगटावरच्या घड्याळाचा आकडा पाहून आपण आरामात आहोत असे त्यांनी समजू नये.

काही जण मला नाशिककरांची उदाहरणे देतात. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली जोडीने अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत पुरी केली. २०१७ मध्ये नाशिकचे डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या आत केली. चौघेही डॉक्टर, ही मला विशेष अभिमानाची बाब. पण त्यांच्यामागे दीर्घ सराव होता आणि सोबतीला पथकाची गाडी. आपल्यामागे फार तर एक मित्र असतो, तोही दमलेला.

किरकोळ तक्रारींपैकी दोन. करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होणे हे हँडलवर तळहाताचा भार टाकल्याने होते. पकड बदलत राहावी. गुडघ्याची वाटी पुढून दुखत असेल तर सीट खाली आहे. पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला दिसावा. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नये, रिम तापून ट्यूब फुटू शकते. आणि ऊस तोडणीच्या दिवसांत लोणीपर्यंतच्या रस्त्यावर अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉल्या उभ्या असतात. पहाटे चारला निघण्याचा उत्साह चांगला, पण उजाडू लागल्यावर निघावे.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी शेवटची सूचना. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर लांब पल्ल्याच्या दिवशी डोस किती ठेवायचा, हे आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. साखर उतरली तर हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे सारे घाटात दमल्यासारखेच वाटते, म्हणून शंका आली तरी थांबावे. अशा वेळी राजूरच्या प्रसिद्ध पेढ्याची वाट पाहू नये, आणि तो खिशात असला तरी भरवसा ठेवू नये. खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. तीन-चार चमचे ग्लुकोजची पुडी सदऱ्याच्या खिशात ठेवावी, ती घ्यावी, पंधरा मिनिटे बसावे. बरे वाटल्यावर भाकरी खावी. सोबत्याला मात्र ही पुडी कोणत्या खिशात आहे, ते निघतानाच सांगून ठेवावे.