विश्लेषण : गळ्यावरच्या सुरकुत्या, सैल त्वचा आणि काळी मान... क्रीमपासून शस्त्रक्रियेपर्यंत कशाचा किती उपयोग?

चेहऱ्याला रोज क्रीम लावणारा हात बहुतेकदा हनुवटीपाशीच थांबतो. पन्नाशीच्या आसपास मग फोटोत चेहऱ्यापेक्षा गळ्याचे वय जास्त दिसू लागते. बोटॉक्स, फिलर, लेझर हे शब्द आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाहीत. कंधारसारख्या तालुक्याच्या गावातही त्यांच्या जाहिराती थेट मोबाइलवर येतात. मात्र गळ्याची तक्रार एकच नसते आणि म्हणून उपायही एक नसतो. नेमका कोणता उपाय कशासाठी आहे, धोका कुठे आहे आणि पैसे खर्च करण्यापूर्वी काय तपासावे, याचा हा आढावा.

गळा लवकर वयस्क का दिसतो?

गळ्याची त्वचा पातळ असते आणि तिच्यात तेलग्रंथी कमी असतात, त्यामुळे ती लवकर कोरडी पडते. त्वचेला ताण देणारे कोलेजन वयाबरोबर घटते. स्त्रियांमध्ये पाळी बंद झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही घट वेगाने होते. वयाइतकेच नुकसान ऊन करते. शेतात, बाजारात किंवा दुचाकीवर असताना डोक्यावर पदर, टोपी किंवा रुमाल असतो. गळ्याची पुढची बाजू आणि मानेचा मागचा भाग मात्र उघडाच राहतो.

तक्रार समजून घ्यायची तर गळ्याचे थर लक्षात घ्यावे लागतात. सर्वांत वर त्वचा, तिच्याखाली चरबी आणि त्याखाली ‘प्लॅटिस्मा’ नावाचा पातळ, पसरट स्नायू. हा स्नायू छातीच्या वरच्या भागापासून जबड्यापर्यंत जातो. बारीक सुरकुत्या आणि डाग त्वचेत असतात. दुहेरी हनुवटी बहुधा चरबीमुळे दिसते. बोलताना किंवा दात आवळल्यावर गळ्यावर ताणल्या दोऱ्यांसारखे उभे पट्टे उठतात, ते प्लॅटिस्माचे. एका थरावरचा उपाय दुसऱ्या थरावर चालत नाही. चरबीमुळे दिसणारी दुहेरी हनुवटी क्रीमने जात नाही, ती याच कारणाने.

मान काळी पडली, म्हणजे वय झाले का?

नाही. मानेच्या मागे आणि बाजूंना त्वचा काळी, जाड आणि मखमलीसारखी झाली असेल, काखेतही तसेच दिसत असेल, तर त्याला ‘अॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स’ म्हणतात. हा मळ नसतो, त्यामुळे घासून निघत नाही. शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नसल्याची ती अनेकदा खूण असते. लठ्ठपणा, मधुमेहाची सुरुवात किंवा स्त्रियांमधील पीसीओएस ही त्यामागची नेहमीची कारणे. अशा वेळी क्रीमआधी रक्तातील साखर तपासायला हवी. ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी मोफत होते. वजन आणि साखर आटोक्यात आली की अनेकांच्या मानेचा काळेपणाही कमी होतो.

इतर कारणेही असतात. खोट्या दागिन्यांतील निकेलची किंवा केसांच्या डायची अॅलर्जी झाली तर मानेवर खाज येऊन काळे डाग राहतात. गळ्यावर अत्तर किंवा बॉडी स्प्रे मारून उन्हात गेल्यानेही डाग पडू शकतात. गळ्याच्या पुढे गाठ असेल आणि गिळताना ती वर-खाली होत असेल, तर ती थायरॉइडची असू शकते. ती ‘लटकलेली त्वचा’ समजून सोडून देऊ नये.

घरच्या घरी काय करता येते?

सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेले, यूव्हीए आणि यूव्हीबी या दोन्ही किरणांपासून संरक्षण देणारे सनस्क्रीन चेहऱ्याबरोबर गळा, कान आणि मानेच्या मागेही लावावे. उन्हात असताना दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. शेतात काम करणाऱ्यांसाठी मान झाकणारा सुती रुमाल किंवा उपरणे तितकेच उपयोगी आहे.

रात्री साधे मॉइश्चरायझर लावल्याने कोरडेपणाच्या बारीक रेषा कमी दिसतात. ट्रेटिनॉइनसारखी रेटिनॉइड औषधे कोलेजन वाढवतात, पण परिणाम दिसायला काही महिने जातात. गळ्याची त्वचा त्यांनी लवकर लाल होते, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून दोन-तीन रात्रींपासून सुरू करतात. गरोदरपणात ती वापरू नयेत. लिंबू, सोडा किंवा टूथपेस्ट गळ्यावर चोळू नये. त्याने त्वचा भाजते आणि डाग वाढतात.

‘झटपट उजळ’ करणाऱ्या क्रीममध्ये धोका काय?

धोका दोन गोष्टींचा आहे, स्टिरॉइड आणि पारा. स्टिरॉइडच्या मलमाने त्वचा आठ-दहा दिवसांत उजळ दिसते. पण ते महिनोन्‌महिने लावले तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि मलम थांबवताच त्रास उसळतो. गळ्याच्या पातळ त्वचेवर हे लवकर होते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा १४ स्टिरॉइड मलमांना ‘शेड्यूल एच’मध्ये टाकले. त्यामुळे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

पारा त्वचेचा रंग तयार होण्याची क्रिया रोखतो. त्याच वेळी तो त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीवर परिणाम करतो. अकोल्यात २०२२ मध्ये एका तरुणीला आणि तिच्यासोबत तीच क्रीम लावणाऱ्या आई आणि बहिणीला किडनीचा आजार झाल्याचे समोर आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीमची तपासणी झाली तेव्हा तिच्यात पाऱ्याचे प्रमाण मोठे आढळले. केरळमधील मलप्पुरममध्येही २०२३ मध्ये उजळपणाच्या क्रीम वापरणाऱ्यांत किडनीचे असेच रुग्ण सापडले. डबीवर घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसेल तर ती क्रीम घेऊ नये.

बोटॉक्स, फिलर आणि चरबी विरघळवणारे इंजेक्शन कोणासाठी?

बोटॉक्स स्नायू सैल करते. त्यामुळे त्याचा उपयोग प्लॅटिस्माच्या उभ्या पट्ट्यांवर होतो, सैल त्वचेवर नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये या पट्ट्यांसाठी बोटॉक्सला मान्यता दिली. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, नंतर इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते. मात्रा किंवा जागा चुकली तर गिळायला त्रास होऊ शकतो आणि मान उचलताना अशक्तपणा जाणवतो.

गळ्यावरच्या आडव्या रेषांसाठी हायल्युरोनिक अॅसिडचे पातळ फिलर वापरतात. त्वचा पातळ असल्याने ते वर भरले गेले तर गाठी दिसतात. चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो.

हनुवटीखालच्या चरबीसाठी डीऑक्सिकोलिक अॅसिडच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. त्यासाठी महिन्याच्या अंतराने अनेक वेळा जावे लागते आणि दर वेळी सूज येते. जबड्याच्या नसेला धक्का लागला तर काही काळ हसू वाकडे दिसते. त्वचा आधीच सैल असेल तर चरबी गेल्यावर ती आणखी लोंबते.

मशीनने त्वचा घट्ट होते का?

काही प्रमाणात. अल्ट्रासाउंड आणि रेडिओफ्रिक्वेन्सीची यंत्रे त्वचेच्या आतल्या थराला नियंत्रित उष्णता देतात. त्या उष्णतेमुळे नवे कोलेजन तयार होते आणि दोन-तीन महिन्यांत त्वचा थोडी आवळते. चाळिशी-पन्नाशीतल्या, थोडाच सैलपणा असलेल्यांना फरक जाणवतो. बराच सैलपणा असेल तर निराशा होते.

लेझरच्या बाबतीत भारतीय त्वचेला वेगळा धोका आहे. सावळ्या त्वचेला उष्णता जास्त झाली की काळे डाग उमटतात. शिवाय गळ्याची त्वचा चेहऱ्यापेक्षा सावकाश भरून येते. त्यामुळे गळ्यावर यंत्राची ताकद कमी ठेवावी लागते. आधी लहानशा जागेवर चाचणी घ्यायला सांगावे.

शस्त्रक्रिया कधी?

त्वचा बरीच लोंबत असेल आणि स्नायूही सैल पडला असेल, तेव्हा ‘नेक लिफ्ट’ हा एकच उपाय मोठा फरक करतो. हनुवटीखाली आणि कानामागे छेद घेऊन स्नायू ओढून शिवतात आणि जास्तीची त्वचा काढतात. सूज आणि काळे-निळे डाग ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात. रक्त साकळणे, नसेला इजा होणे आणि व्रण जाड होणे हे त्यातले धोके. तंबाखू आणि सिगारेटमधील निकोटिनमुळे जखम भरत नाही, म्हणून शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून ती बंद करावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगावे. वजन घटत असेल तर ते स्थिर होईपर्यंत थांबावे.

हे उपचार कोणी करावेत?

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० नुसार सौंदर्यप्रसाधन म्हणजे चोळायची, ओतायची किंवा फवारायची वस्तू. सुईने शरीरात जाणारे काहीही या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे इंजेक्शन हे ब्युटी पार्लरचे काम नाही. सौंदर्यशस्त्रक्रियांबाबत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेले ज्ञान हे प्रशिक्षण मानता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्वचारोगात एमडी किंवा तत्सम पदवी, अथवा प्लास्टिक सर्जरीत एमसीएच असलेल्या डॉक्टरांकडेच जावे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये.

खर्चाचे काय?

बोटॉक्सचे दर युनिटवर, फिलरचे सिरिंजवर आणि मशीनचे बैठकीवर असतात. जाहिरातीतला आकडा बहुधा एका युनिटचा किंवा एका बैठकीचा असतो. एकूण किती लागतील आणि परिणाम किती महिने टिकेल, हे आधी लिहून घ्यावे. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आरोग्य विमा तिचा खर्च देत नाही.

मग सुरुवात कुठून करावी?

काळी, जाड मान किंवा गाठ असेल तर आधी साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावे. त्यासाठी मोठ्या क्लिनिकची गरज नाही, जवळच्या ग्रामीण रुग्णालयातूनही सुरुवात होते. त्वचेच्या सल्ल्यासाठी कंधारहून नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात जाता येते. तक्रार त्वचेची, चरबीची की स्नायूची, हे तिथे विचारून घ्यावे. तोवर सनस्क्रीन आणि मानेवर रुमाल एवढे आजपासूनच सुरू करता येते. इंजेक्शन किंवा मशीनचा निर्णय तपासणीनंतर सावकाश घेतला तरी काही बिघडत नाही.