आधी फोटो ठरवा, मग कॅमेरा!

दोस्तांनो, चपलांच्या दुकानात जाऊन कुणी विचारलं, "काका, सगळ्यात चांगली चप्पल कोणती?" तर काका काय म्हणतील? "अरे, चिखलात चालायचंय की लग्नाला जायचंय, ते आधी सांग!" कॅमेऱ्याचंही अगदी तसंच आहे, बरं का! "कोणता कॅमेरा चांगला?" या प्रश्नाला उत्तरच नाही. "कशाचा फोटो काढायचाय?" असं विचारलं की मात्र उत्तर पटकन सापडतं.

आज आपण दोन जुन्या कॅमेऱ्यांची जोडी जुंपून बघू. दोन्ही कॅनन कंपनीचे, दोन्ही डिजिटल एसएलआर. एसएलआर म्हणजे काय, तर आत तिरपा आरसा असलेला कॅमेरा. भिंगातून आलेला उजेड त्या आरशावर आदळून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा 'खटॅक्' करून वर जातो आणि उजेड मागच्या सेन्सरवर पडतो. पूर्वी तिथे रोल असायचा, आता सेन्सर असतो.

पहिला कॅमेरा आहे २००८ सालचा फाइव्ह-डी मार्क टू. दुसरा त्याच्या पुढच्याच वर्षीचा, २००९ सालचा सेव्हन-डी. आता हे नवे तयार होत नाहीत. मिळतात ते वापरलेले. म्हणूनच एके काळी फक्त व्यावसायिकांच्या गळ्यात दिसणारे हे कॅमेरे आता साध्या घरातही येऊ शकतात.

ताईचा चौक आणि भावाची कबड्डी

समजा, एक घर आहे. पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, आशागडला. डहाणू रोड स्टेशनात उतरून समुद्राकडे न जाता उलट पूर्वेला आत यायचं, तिथे हे गाव. घर वारल्यांचं. आत्याचं लग्न तोंडावर आलंय. घरात पैसे साठलेत, पण एकाच जुन्या कॅमेऱ्यापुरते. आणि बहीणभावाचं जुंपलंय!

"ताई, सेव्हन-डीच घेऊ. एका सेकंदात आठ फोटो निघतात. कबड्डीचा सामना असा काढतो ना, बघच!"

"आणि आजी लग्नाचा चौक लिहील तो? आतल्या खोलीत उजेड तरी असतो का? मला फाइव्ह-डी पायजे."

ताईचं म्हणणं नीट समजून घ्यायला हवं. वारली लग्नात घरातल्या भिंतीवर चौक लिहितात. हो, 'काढत' नाहीत, 'लिहितात' असं म्हणतात. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी आणि बांबूची काडी घेऊन सवाष्णी बाया तो लिहितात. मधोमध पालघट देवी. लग्न लावणारी असते धवलेरी, आणि ती विधींची गाणी म्हणते. लग्न झालं, की चुलीच्या धुरानं आणि पुढच्या सारवणानं तो चौक हळूहळू पुसून जातो. जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रकला कागदावर आणली. ते याच डहाणू तालुक्यातले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. त्यांची कागदावरची चित्रं राहिली. पण भिंतीवर आजीनं लिहिलेला चौक? त्याचा फोटो नसेल, तर तो फक्त आठवणीत राहणार.

म्हणजे ताईचा हट्ट साधा नाही. आणि भावाचाही नाही, कारण त्याला सामने काढायचेत, ओढ्यावरचा खंड्या काढायचाय. मग कुणाचं ऐकायचं? चला, एकेक गोष्ट तपासू.

पावसातली परात आणि वाटी

पाऊस पडत असताना अंगणात एक परात आणि एक वाटी ठेवा. पाच मिनिटांनी बघा. पाणी कशात जास्त? परातीत! पाऊस दोघांवर सारखाच पडला, पण परातीचं तोंड मोठं.

सेन्सर म्हणजे उजेड झेलणारी परात. फाइव्ह-डीचा सेन्सर ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद आहे. आईबाबांना रोलचा कॅमेरा आठवत असेल तर सांगा, निगेटिव्हची एक चौकट असायची तेवढाच. सेव्हन-डीचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटर. गुणाकार करा पाहू! एकाचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, दुसऱ्याचं सुमारे ३३२. म्हणजे अडीचपटीहून जास्त फरक.

अंधारात हा फरक कळतो. उजेड कमी असला की आपण कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवतो, म्हणजे आलेला थोडासा उजेड वाढवून घ्यायला सांगतो. दोन्ही कॅमेऱ्यांत नेहमीचा आयएसओ १०० ते ६४०० असाच आहे. पण तो खूप वाढवला की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसू लागतात. सेव्हन-डीत हे दाणे लवकर दिसतात, फाइव्ह-डीत उशिरा.

रात्री अंगणात तारपा वाजतोय आणि गोल धरून नाच चाललाय, असा फोटो डोळ्यांसमोर आणा. नाचणारे हलताहेत, म्हणून शटर फार वेळ उघडं ठेवता येत नाही. फ्लॅश मारला तर सगळे पांढरेफटक होतात आणि शेकोटीचा तांबूस उजेड मरतो. इथे फाइव्ह-डीच हवा. त्यात फ्लॅश मुळात नाहीच. सेव्हन-डीत मात्र डोक्यावर उघडणारा छोटा फ्लॅश आहे.

आणखी एक अडचण असते खोलीची. खोली लहान, भिंत मोठी. चौक पूर्ण मावावा म्हणून तुम्ही मागे मागे सरकता आणि पाठ कुडाला टेकते! २८ मिलिमीटरचं भिंग फाइव्ह-डीवर रुंद दृश्य दाखवतं. तेच भिंग सेव्हन-डीवर लावलं तर कडा कापल्या जातात आणि ४५ मिलिमीटरच्या भिंगातून बघितल्यासारखं दिसतं. मग अर्धाच चौक येतो.

खंड्या कुणाला सापडतो?

आता भावाची बाजू. कडा कापल्या जातात हा तोटाच असतो का? एक प्रयोग करा. जाड कागदाला वहीच्या चौकोनाएवढं भोक पाडा, ते डोळ्याजवळ धरा आणि लांबचं झाड बघा. बाकीचं सगळं नाहीसं होतं आणि झाडच तेवढं उरतं. सेव्हन-डी हेच करतो. ३०० मिलिमीटरचं भिंग त्यावर ४८० मिलिमीटरच्या भिंगासारखं वागतं.

कुणी म्हणेल, "हे काय, फोटो नंतर कापला तरी तेच!" शाबास, चांगली शंका! पण हिशोब करू. फाइव्ह-डीच्या फोटोत २ कोटी ११ लाख ठिपके असतात, सेव्हन-डीच्या फोटोत १ कोटी ८० लाख. फाइव्ह-डीचा फोटो कापून सेव्हन-डीएवढाच भाग ठेवला, तर उरतात जेमतेम ८० लाखांच्या आसपास ठिपके. सेव्हन-डीत मात्र त्याच भागावर पूर्ण १ कोटी ८० लाख. म्हणजे लांबच्या फांदीवर बसलेल्या खंड्याच्या पिसांचे बारकावे सेव्हन-डीत जास्त येणार.

शिवाय वेग! सेव्हन-डी सेकंदाला ८ फोटो काढतो, फाइव्ह-डी ३.९, म्हणजे जवळजवळ ४. कबड्डीत चढाईवाल्यानं हात लावला आणि तो मागे फिरला, हा खेळ अर्ध्या सेकंदाचा. एकाकडे चार फोटो येतील, दुसऱ्याकडे दोन. हव्या त्या जागी नेम धरायला सेव्हन-डीत १९ फोकस-बिंदू आहेत, फाइव्ह-डीत ९. पळणाऱ्या, उडणाऱ्या, उसळणाऱ्या गोष्टींसाठी सेव्हन-डीच सरस.

जास्त ठिपके म्हणजे चांगला फोटो?

दुकानात सगळे मेगापिक्सेलच विचारतात. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. आपल्या दोन कॅमेऱ्यांतला फरक ३१ लाख ठिपक्यांचा. ऐकायला केवढा वाटतो! पण दर इंचाला ३०० ठिपके धरून फोटो छापला, तर एकाची लांबी १८.७ इंच येते आणि दुसऱ्याची १७.३ इंच. दीड इंचाचाही फरक नाही!

अमेरिकेत कोडॅक कंपनीत १९७५ साली स्टीव्ह सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्याच्या फोटोत होते फक्त १० हजार ठिपके, आणि एक फोटो कॅसेटवर नोंदायला लागायचे २३ सेकंद. तिथून कोट्यवधी ठिपक्यांपर्यंत पोचल्यावर आता ठिपक्यांची चिंता कशाला? बराक ओबामा यांचा जानेवारी २००९ मधला अधिकृत फोटो पीट सूझा यांनी याच फाइव्ह-डी मार्क टूनं काढला होता. अमेरिकेच्या अध्यक्षांचा तो डिजिटल कॅमेऱ्यानं काढलेला पहिला अधिकृत फोटो. तेव्हा जो कॅमेरा इतक्या मोठ्या कामाला पुरला, तो आता आपल्या अंगणाला पुरणार नाही का?

मग घ्यायचा कोणता?

एक कागद घ्या. येत्या वर्षात तुम्हाला काढायचेच आहेत असे दहा फोटो लिहा. प्रत्येकापुढे दोन खुणा करा: उजेड कमी की पुरेसा, आणि वस्तू जवळ की लांब. कमी उजेडातली, जवळची माणसं जास्त निघाली तर फाइव्ह-डी. लांबचे पक्षी आणि मैदानावरचे खेळ जास्त निघाले तर सेव्हन-डी. थोडं हे, थोडं ते असेल तरीही सेव्हन-डी बरा, कारण त्याला लहान सेन्सरसाठी बनवलेली ईएफ-एस जातीची हलकी, स्वस्त भिंगं चालतात. ती फाइव्ह-डीला बसतच नाहीत. ईएफ जातीची भिंगं मात्र दोघांनाही बसतात.

यादी झाली की तिसरा प्रश्न विचारा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: यातला कोणता फोटो पुन्हा काढता येणार नाही? कबड्डीचा सामना पुढच्या आठवड्यातही आहे. खंड्या उद्याही त्याच तारेवर येईल. पण लग्नात गाणाऱ्या धवलेरीचा चेहरा, चौक लिहिणाऱ्या आजीचे हात, रात्रीचा नाच? आशागडच्या आपल्या घराच्या यादीत ही पानं परत उलटणारी नाहीत. म्हणून तिथे फाइव्ह-डी. समुद्रकाठी राहणाऱ्या, हिवाळ्यात कुरव पक्ष्यांमागे धावणाऱ्या मुलाच्या घरी उत्तर सेव्हन-डी येईल. दोन्ही उत्तरं बरोबर!

आणि पैसेच नसतील तर? रडू नका. भिंत हलत नाही, ही तिची मोठी मेहरबानी! दुपारी दार उघडा, मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर पक्का टेकवा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि हात लावू नका. चौकाचा फोटो छान येईल. न हलणाऱ्या गोष्टीला महाग कॅमेरा लागत नाही, लागतो तो धीर. आणि फोटो काढण्याआधी धवलेरीला, आजीला, घरातल्या मोठ्यांना विचारा. "हे काढू नको" असं त्या म्हणाल्या, तर कॅमेरा खाली!

आईबाबांसाठी चार गोष्टी

जुना कॅमेरा घेताना घाई करू नका.

१. शटर किती वेळा उडालं, तो आकडा दुकानदाराकडून काढून घ्या. दोन्ही मॉडेलांचं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं आहे.

२. भिंगातून टॉर्चचा उजेड आरपार सोडून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत ती हमखास लागते. घरी आणल्यावर कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

३. दोन्ही कॅमेऱ्यांत सीएफ कार्ड लागतं. कार्डाच्या खाचेतल्या बारीक पिना वाकल्या नाहीत ना, ते बघा. दोघांची बॅटरी एकाच जातीची आहे, एलपी-ई सिक्स. ती किती वेळ टिकते, तेही तपासा.

४. निरभ्र आकाशाचा एक फोटो काढा, भिंगाचं तोंड १६ आकड्यावर बारीक करून. फोटोत काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ करता येते, पण घरी बोट लावू नका!

आणि हो, भिंगासाठी पैसे राखून ठेवा. सगळे पैसे कॅमेऱ्यात घातले आणि भिंग नाही, तर ते बैल नसलेल्या गाडीसारखं होईल. ५० मिलिमीटर, १.८ तोंडाचं साधं ईएफ भिंग दोघांनाही बसतं, आणि कमी उजेडात खूप मदत करतं.

तर मग दोस्तांनो, कागद घ्या आणि दहा फोटो लिहून काढा. कॅमेरा उद्या आला किंवा दोन वर्षांनी आला, तरी यादी आजच करता येते. आणि यादीतल्या पहिल्या फोटोसाठी कदाचित घरातला मोबाइलच पुरेल!