‘गंगापूर रोडला मिसळ’ सर्च केल्यावर नक्की काय होतं?

परवा गंगापूर रोडवर मित्राची वाट बघत उभा होतो. भूक लागली म्हणून फोनमध्ये टाकलं, ‘गंगापूर रोडला मिसळ’. क्षणात यादी हजर! एवढ्या वेळात सगळं इंटरनेट वाचून झालं का? अजिबात नाही. वाचन आधीच झालेलं असतं.

ही युक्ती कॉम्प्युटरच्या खूप आधीची आहे. गंगापूर रोडने अशोक स्तंभाकडे आलात की रामकुंड तिथून जवळच. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या जुन्या नामावळ्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगा, गुरुजी नेमकी वही काढतात आणि तुमच्या पणजोबांचं नाव त्यात सापडू शकतं. लोक काय सांगून शोधणार हे ओळखूनच नोंदी लावलेल्या असतात. हाच इंडेक्स.

सर्च इंजिन प्रत्येक शब्दासमोर तो शब्द असलेल्या पानांची यादी करून ठेवतं. ‘गंगापूर’ची यादी, ‘मिसळ’ची यादी, दोन्हींत असलेली पानं तुमच्यासमोर.

पण अशी हजारो पानं निघाली तर वर कोणतं दाखवायचं? ‘इन्फर्मेशन रिट्रीव्हल’ हे नाव कॅल्विन मूअर्स यांनी 1950 मध्ये दिलं. साठच्या दशकात जेरार्ड सॉल्टन यांच्या ‘स्मार्ट’ सिस्टिमने पानांना गुण देऊन क्रम लावला. 1972 मध्ये ब्रिटनच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी दाखवलं, की जो शब्द कमी पानांत येतो त्याला जास्त वजन द्यावं. ‘रोड’ तर कुठेही सापडतो, ‘गंगापूर’ मोजक्या ठिकाणी. (अर्थात गंगापूर तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातही आहे, म्हणून फोन तुमचं लोकेशनही बघतो.) 1998 मध्ये गूगलच्या पेज आणि ब्रिन यांनी, पानाकडे कोण लिंक देतं, हेही मोजलं.

हे सगळं इंग्रजीत ठीक चाललं. मराठीत घोळ होतो तो ‘ला’मुळे. रोडला, रोडवर, रोडवरून, रोडचा... आपल्याला एकच शब्द, कॉम्प्युटरला चार. मग प्रत्यय कापा! ‘रोडला’चा ‘रोड’ झाला, छान. पण त्याच नियमाने ‘बंगला’चा ‘बंग’ होतो आणि ‘कला’चा नुसता ‘क’. ‘नाशकात’ तर कहरच, शेवट कापला तरी ‘नाशिक’ मिळत नाही, ‘नाशक’ मिळतं.

अशा युक्त्या तपासायला 2008 मध्ये भारतात ‘फायर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘सकाळ’च्या मराठी बातम्या होत्या. ठरलेले प्रश्न, कोणती बातमी उपयोगाची हे माणसांनी ठरवलेलं, आणि मग कोणाची पद्धत किती बरोबर शोधते याचं मोजमाप. आता मशीन लर्निंगमुळे शब्द जुळला नाही तरी अर्थावरून शोधता येतं.

तरीही एका ठिकाणी सगळं अडतं. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या खर्चावरून वाद झाला. जुना ठराव 2009 च्या फाइलमध्ये होता. ‘पाणी’ शोधलं, ‘टाकी’ शोधलं, काहीच नाही. डोळ्यांना तर मराठी स्वच्छ दिसत होतं! एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट केली, तेव्हा कळलं. इंग्रजी अक्षरांची खिचडी. जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, वर फक्त मराठी आकार चढवलेले. इंडेक्समध्ये ‘पाणी’ हा शब्द गेलेलाच नसतो, मग सापडणार कुठून? युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण कितीतरी ऑफिसांत जुने फॉन्ट नंतरही वर्षानुवर्षं चालू राहिले.

तुमच्या घरच्या, मंडळाच्या जुन्या मराठी फाइलवर हीच कॉपी-पेस्टची टेस्ट करून बघा. खिचडी दिसली तर कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या. आमची फाइल केली, जोडाक्षरं हाताने दुरुस्त करावी लागली, आणि ठराव पान 14 वर सापडला.