मूल बेसूर गाते? आधी पट्टी तपासा

जत असो वा मुंबई, शाळेच्या परिपाठात एखादे मूल वेगळ्याच सुरात गाते. ‘तू नुसते ओठ हलव’ असे ऐकले, की ते गाणेच सोडते. दोष मात्र बहुधा गळ्याचा नसतो.

कारण काय? : पुरुष शिक्षकाचा आवाज मुलांपेक्षा साधारण एक सप्तक खाली असतो. तो सूर पकडताना मुले गोंधळतात.

उपाय काय? : मुलाला सहज जमेल तसा ‘आ’ लावू द्या. तो सूर पेटीवर शोधून तिथेच ‘सा’ धरा. मग एकेक सूर वर चढा. आधी ऐकणे, मग गुणगुणणे, शेवटी शब्द.

पेटी नसेल तर? : मोबाइलवरचा तंबोरा लावा. जिल्ह्यातल्याच मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कान तयार झाला, की गळा मागोमाग येतो.