बोटांनी वाचणारा मेंदू

अंध व्यक्तीची बोटे ब्रेलच्या ओळीवरून झरझर फिरताना पाहिली, की ‘निसर्गाने एक इंद्रिय नेले, पण दुसरे तल्लख केले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. ही देणगी आयती मिळते काय? नाही. ती सरावाने येते, आणि खरा बदल घडतो तो मेंदूत.

आधी एक प्रयोग करा. मित्राला डोळे मिटायला सांगा. बोथट टोकांच्या दोन पेन्सिली १ सेंटिमीटर अंतरावर धरून एकाच वेळी त्याच्या तर्जनीच्या टोकाला हलकेच टेकवा. टोके दोन आहेत हे तो लगेच सांगेल. आता तशाच पाठीला टेकवा. बहुधा तो ‘एकच’ म्हणेल! बोटाच्या टोकाशी स्पर्श टिपणाऱ्या मज्जातंतूंची दाटी असते आणि मेंदूच्या स्पर्शकेंद्रातही बोटांच्या वाट्याला मोठी जागा आलेली असते.

याच गुणाचा उपयोग फ्रान्समधील लुई ब्रेल या अंध मुलाने केला. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने सहा ठिपक्यांची लिपी रचली. शेजारच्या दोन ठिपक्यांत अंतर असते जेमतेम अडीच मिलिमीटर. या सहांतून ६३ चिन्हे होतात. मराठीही त्यांतच वाचता येते.

ब्रेल वाचणाऱ्यांच्या मेंदूत वाचणाऱ्या बोटाची जागा वाढलेली असते, असे १९९३ साली दिसले. १९९६ साली त्याहून नवल आढळले. बालपणापासून अंध असलेल्या व्यक्ती ब्रेल वाचताना डोक्याच्या मागील बाजूचे दृष्टिकेंद्रही काम करीत होते! डोळ्यांकडून संदेश येत नाहीत म्हणून ही जमीन पडीक राहिली नव्हती. स्पर्शाने ती कसायला घेतली होती. पण ते खरोखर वाचनाला मदत करते काय? १९९७ साली चुंबकीय स्पंदांनी त्याच्या कामात क्षणभर अडथळा आणला, तेव्हा वाचनात चुका होऊ लागल्या.

पुढे डोळस माणसांचे डोळे पाच दिवस बांधून त्यांना ब्रेल शिकवले. त्यांचेही दृष्टिकेंद्र स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागले. पट्टी सोडल्यावर एका दिवसात ते पूर्ववत झाले. इतक्या थोड्या काळात नव्या वाटा बांधून होत नाहीत. त्या आधीपासूनच असाव्यात, फक्त वापरात नसाव्यात.

कोवळ्या वयात मेंदू असा सहज वळतो. म्हणून अंध मुलाच्या हाती ब्रेलचे पुस्तक लवकर पडायला हवे. नुसते ऐकून धडा कळेल, पण शुद्धलेखन आणि गणिताची मांडणी बोटांखालूनच जायला हवी.