हुरहुर आणि रुखरुख : बोलीतील भावदर्शन

मनात काय चालले आहे हे सांगताना माणूस सहसा भावनेचे नाव घेत नाही. नाट्यशास्त्रात 33 व्यभिचारी भाव गणले आहेत. शंका, चिंता, विषाद, औत्सुक्य ही त्यांतीलच नावे. वर्गीकरणासाठी ती आवश्यक होत. परंतु परगावी गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई ‘मला चिंता आहे’ असे न म्हणता ‘जीव टांगणीला लागला आहे’ असे म्हणते. हे अंतर केवळ शैलीचे नव्हे.

या बोलीत तीन विशेष आढळतात. पहिला नादाचा. अकस्मात आघात तुटक नादाने सांगितला जातो : छातीत धस्स होते, काळजात चर्र होते. रेंगाळणाऱ्या अवस्थेत मात्र नाद दुणावतो, किंवा किंचित पालटून परततो : हुरहुर, रुखरुख, चुटपुट, धाकधूक. भावनेचा कालावधी शब्दाच्या घडणीतच उमटतो. दुसरा विशेष स्थानाचा. ऊर भरून येतो, पोटात कालवते, जीव गुदमरतो. भाव देहात वस्तीला येतो. तिसरा व्याकरणाचा. ‘मी रागावलो’ असे म्हणता येते खरे. पण ‘मला राग आला’ यात माणूस कर्ता उरत नाही. राग येतो, आठवण येते, आणि माणूस ते ठिकाण होतो.

ही शब्दकळा झिजलेली, तयार साच्याची आहे, असा आक्षेप येईल. साचे तयार आहेत हे मान्य. त्यांतील निवड मात्र सूक्ष्म असते. दूर असलेल्या माणसाची हुरहुर लागते, न कळलेल्या निकालाची धाकधूक असते आणि अखेरची भेट राहून गेली याची रुखरुख उरते. तिन्हींना ‘अस्वस्थता’ म्हटले की अर्थ काहीसा कळतो, पण दुःख कशाचे हे हरवते. ऐकणारा वैद्य असो वा समीक्षक, ही हानी दोघांचीही आहे.

या बोलीपासून काव्य फार दूर नाही. सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त (इ.स. 1129) महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गात असल्याचा उल्लेख आहे. हेमा राईरकर व गी पॉइटेव्हिन यांच्या प्रयत्नांतून संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत हेच काळीज, हाच जीव आणि हेच पोट पुन्हा भेटतात. ओवीने ही सामग्री नव्याने निर्मिली नाही. बोलण्यात होती तिला लय दिली. म्हणून लोककाव्याच्या अभ्यासकाने वहीत ओवी टिपण्यापूर्वी, गाणे थांबल्यावर ती बाई काय बोलते, तेही ऐकावे.